उरलेलं

बोट लागली तेव्हा नऊ वाजून चाळीस.
केहुई बेटावरून कास्त्रोपर्यंत धुक्यातच आली होती.
रोसामेल चिग्वायचं तोंड उजवीकडे ओघळलेलं,
उजवा हात मांडीवर पडलेला,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

"शेवटचे धड कधी होते?"
ओतिल्यानं वेळ नाही सांगितली.
म्हणाली, माते प्यायले, पेला मला परत दिला,
रेडिओवर हवामान चाललं होतं.
मी कोंबड्या सोडून आले
तर हे टेबलाशी बोलत होते,
शब्द नसलेलं काहीतरी.

हवामान सातला लागतं. सात धरले.
साडेअकराला दार बंद होणार,
आणि त्यातले पावणेतीन तास समुद्रानंच खाल्ले होते.

स्कॅनमध्ये रक्त सांडलेलं दिसलं नाही.
म्हणजे अडलेलं होतं.
अशा बातमीवर हायसं वाटतं,
असं हे खातं.

रक्तदाब एकशे शहाण्णव. उतरवला. पुन्हा मोजला. पुन्हा.
डॉक्टर फर्मीननं कागदावर लिहिलं:
वजन अंदाजे ऐंशी.

अंदाजे.
फर्मीन उत्तरेकडचा, वाळवंटातला.
इथली माणसं किती लोकर पांघरून
माणूस दिसतात, त्याला अजून ठाऊक नाही.
मी कात्री घेतली.
एक स्वेटर. त्याखाली दुसरा. त्याखाली बिनबाह्यांचा तिसरा.
आणि मग बरगड्या,
वल्ह्यांसारख्या एकेक मोजता येणाऱ्या.

"बटाट्याच्या काट्यावर उभे राहिले होते जूनमध्ये,"
ओतिल्या म्हणाली. "चौसष्ट. बुटांसकट."
पलंगाचा काटा थरथरून थांबला:
बासष्ट.
फर्मीननं ऐंशी खोडलं. काही बोलला नाही,
कान तेवढे लाल झाले.

आता कुपी.
हीच कुपी मी गुरुवारी फोडली होती,
बसचालक नाहुएलकीनसाठी. त्याची छाती.
तोही साठ-सत्तरच्या मधलाच.
सात मिलीलिटर, एका दमात.
तेच औषध, तीच पांढरी भुकटी, तोच डबा,
पण हृदयाला जे पुरतं
ते मेंदूला बुडवतं.
मेंदूसाठी निम्म्याहून कमी.
आणि हाताला गुरुवार आठवत होता.
अंगठा सातकडे निघाला होता, शपथेवर सांगते,
माझ्याआधी.

"मोठ्यानं वाच," सेल्मिरा म्हणाली.
ती पलंगाच्या त्या बाजूला, पाठ माझ्याकडे,
तिचा हिशेब तिचा, माझा माझा.
"मेंदू," मी म्हटलं. "हृदय नाही. बासष्ट किलो."
"साडेपंधरा मिलिग्रॅम."
"तीन पूर्णांक एक."
"तीन पूर्णांक एक," ती म्हणाली, आणि मग वळली.

पाच सेकंद लागतात ढकलायला.
दहा वाजून एकतीस.

कुपीत सहा पूर्णांक नऊ उरलं.
आमच्या घरात माशाचं डोकं रश्श्यात जायचं,
बटाट्याची सालं डुकराला,
राख वाफ्यात.
आई भांड्याला बोट फिरवून चाटायची,
आणि मला शिकवायची की निगुतीनं राहणं म्हणजे
काही न टाकणं.
आज निगुती म्हणजे टाकणं होती.
बोटीच्या इंजिनाएवढ्या किमतीचं पाणी
पिवळ्या डब्यात ओतताना
माझा हात जरासा थबकला.
थबकला, हे खरं.

मग दर पंधरा मिनिटांनी:
हात उचला. हसून दाखवा. हे काय आहे?
घड्याळ. (तो: गप्प.)
पेन. (गप्प.)
हिरड्यांतून रक्त नाही ना, डोकं दुखत नाही ना.
तिसऱ्या वेळी अंगठा हलला,
की मला हलवायचा होता म्हणून हलला?
सेल्मिरानंही पाहिलं. मग लिहिलं.

पाऊण वाजता
जीभ जड, कडेला थुंकी,
त्यानं कापलेल्या ढिगाकडे पाहिलं
आणि म्हणाला, "लोकर."
फक्त तेवढंच. फर्मीन धावत आला,
त्याला पुन्हा म्हणायला लावलं,
तर म्हणाला नाही.

ओतिल्या खुर्चीत बसली होती.
कापलेल्या बाहीचं टोक शोधून
तिनं उसवायला घेतलं होतं,
गुडघ्यावर गुंडी वळत होती.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तिसरा तरी बटणांचा होता, बाई.
तो नुसता सोडता आला असता."